पेशंटचं माणूस

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात पूनम सिस्टरचा आवाज सगळ्या गल्लीला पाठ होता. लेबर रूमचं दार अर्धं उघडायचं, मास्क हनुवटीखाली ओढायचा आणि बाहेरच्या बाकड्यांकडे बघून खणखणीत ओरडायचं, “पेशंटचं माणूस कोण हाय?” मग कुणीतरी लगबगीनं उठायचं. नवरा उठला तर पूनम त्याला हातानंच खाली बसवायची. त्याचं काम बिलाच्या खिडकीपाशी. तिला हवी असायची सासू.

औषधं कोणती आणायची, रक्ताची सोय कुठून करायची, सिझर करायचं की वाट बघायची, पोरगा झाला की पोरगी, हे सगळं सासूच्या कानावर घालायचं. आत टेबलावर पडलेली बाई ऐकत असायची सगळं. पण तिला कोण विचारतंय! तिनं कळा द्यायच्या, बोलायचं ते दाराबाहेरच्यांनी.

पूनम वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून लोक भलतंच मनात धरतील. सांगोल्याकडच्या माळावरची, धनगराच्या घरातली ही पोर. तिची आई मायाक्का अजून मेंढरांमागं फिरते. त्यांच्या वाडीत बाळंतिणीनं पाणी किती प्यायचं इथपासून सगळं सासू ठरवायची. नर्सिंगच्या कोर्सला शिकवलं होतं, पेशंटशी बोला, तिला विचारा. पूनमनं ते पेपरात लिहिलं, मार्क मिळवले आणि नोकरीला लागली. नोकरीत तिला एकच गोष्ट कळली, सासू वळली की घर वळतं. पोरींच्या पाठोपाठ पोरी होऊन रक्त आटलेल्या कितीतरी सुनांचं ऑपरेशन तिनं सासवांना पटवून करून घेतलं होतं. माहेरी जाऊ न देणाऱ्या सासवांना गोड बोलून वळवलं होतं. “सासू पटवावी तर पूनमनं,” असं प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमही म्हणायच्या. आणि खरं सांगायचं तर, पूनमला त्याचा तोरा होता.

अशात पुण्याहून आरोही मॅडम आल्या. तरुण डॉक्टर, पाठीला सॅक, चहात साखर नको. बाळंतपणात बायकांना कशी वागणूक मिळते, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यातलाच एक भाग निराळा होता आणि तो त्यांनी पूनमला औषधांच्या खोलीत बसवून, दार लावून सांगितला.

“मुलींचा खतना ऐकलाय तुम्ही?”

“पोरींचा?” पूनम हसलीच. “पोरांचा असतोय की मॅडम.”

“मुलींचाही. आपल्याकडे बोहऱ्यांच्या काही घरांत करतात. सगळ्या नाही, आणि त्यांच्यातल्याच कितीतरी बायका आता उघड विरोध करताहेत. साधारण सातव्या वर्षी, नाजूक जागी थोडंसं कापतात. पुढं बाळंतपणात त्यानं काही फरक पडतो का, त्या बाईच्या मनात काय चालतं, हे आपल्याकडं कुणी नीट विचारलेलंच नाही.”

पूनमला एकदम माळावरची कोकरं आठवली. कळपात आपलं कुठलं ते कळावं म्हणून आण्णा, म्हणजे तिचा बाप, कोकराच्या कानाला कात्री लावायचा. कोकरू डोकं झटकायचं, ओरडायचं आणि मग आईला लुचायला पळायचं. लहानपणी पूनम तेवढ्यापुरती घरात जाऊन बसायची. तिला ते बघवायचं नाही.

“एक गोष्ट फार महत्त्वाची,” आरोही मॅडम म्हणाल्या. “बोलायचं ते फक्त त्या बाईशी. ती एकटी असताना. तिनं जे सांगितलं ते सासूला नाही, नवऱ्याला नाही, मोठ्या मॅडमनाही नाही. ते तिचं आहे.”

“व्हय की मॅडम. एवडं कळतंय मला.”

तसं तिला मनापासून वाटत होतं.

मुनिराशी तिची ओळख होती ती तपासणीला यायची तेव्हापासूनच. माहेर सांगलीचं, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं बोलणं स्वच्छ. घरचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान. नवरा मुस्तफा आठवड्यातून निम्मा वेळ उजनीकाठच्या गावांत, कुणाची मोटार बंद पडली, कुणाला नवी बसवायची, या गडबडीत. मुनिरा यायची ती सासूबरोबर आणि मोठ्या लेकीबरोबर. सासू झेहराबाई, फुलाफुलांच्या रिदामध्ये, म्हणजे बोहरी बायकांच्या रंगीत बुरख्यात, गोरीपान, मऊ आवाजाची. येताना नर्सबायांसाठी काहीतरी खायला घेऊन यायची. आणि लेक इन्सिया, सात वर्षांची, म्हणजे नुसतं वारं. वजनकाट्यावर उड्या मारायची, स्टेथोस्कोप कानाला लावून बाकड्यावरच्या सगळ्या बायांची पोटं तपासायची आणि प्रत्येकीला सांगायची, “जुळे आहेत!”

शेवटच्या महिन्यात एकदा झेहराबाई दुकानातूनच परस्पर लग्नाला गेली होती, म्हणून मुनिरा लेकीला घेऊन एकटीच आली. आरोही मॅडमनी तिला विचारलं आणि ती बोलायला तयार झाली. फक्त म्हणाली, “मला या सिस्टरशी बोलू द्या. ओळखीच्या आहेत.” मॅडम इन्सियाला घेऊन बाहेर गेल्या.

मुनिरा बराच वेळ पंख्याकडे बघत बसली.

“मला आइस्क्रीम देतो म्हणून नेलं होतं,” ती म्हणाली. “मावशीच्या ओळखीच्या बाईकडं. गुलाबी चादर होती. आईनं माझे हात धरले होते. तेच मला जास्त लक्षात आहे, आईनं धरलं ते. नंतर आइस्क्रीम खरंच दिलं, आणि सांगितलं, पप्पांना बोलायचं नाही. मी अजून आइस्क्रीम खात नाही, सिस्टर. घरात सगळ्यांना वाटतं माझे दात दुखतात.”

पूनमनं मुनिराच्या पायावर हात ठेवला.

“इन्सियाला सात पूर्ण झालीत,” मुनिरा म्हणाली. “मम्मी, म्हणजे सासूबाई, कधीपासून म्हणतात, करून टाकू. मी हो म्हणते. म्हणते, डिलिव्हरी होऊ दे, मी तिची आई, मी जवळ असल्याशिवाय कसं करायचं? त्यांनाही ते पटतं. पण मी करू देणार नाही. बाळ झालं की मी सांगलीला जाणार, इन्सियाला घेऊन. माझ्या भावाला आणि वहिनीला सगळं माहीत आहे. वहिनीनं तिच्यासाठी तिथली शाळासुद्धा बघून ठेवलीय. एकदा वय उलटलं की मग कोण विचारत नाही.”

“आनि मालक?”

“पुरुषांना यातलं सांगायचं नसतं. त्याला मी सांगलीला गेल्यावरच सांगणार. आधी सांगितलं तर तो आईला विचारेल, आणि मग संपलंच.” तिनं पूनमचा हात घट्ट धरला. “तुमच्याशिवाय इथं हे कुणाला माहीत नाही.”

“माज्या पोटात ऱ्हाईल, ताई. काळजी करू नका.”

त्या दिवशी घरी जाताना पूनमच्या डोक्यात एकच घोळत होतं. पोरगी वाचायला पाहिजे. वजनकाट्यावर उड्या मारणारी ती पोरगी तिला स्वतःचीच वाटायला लागली होती.

मुनिराला कळा सुरू झाल्या त्या पहाटे, आणि दुपार कलली तरी बाळ येईना. बाळ मोठं होतं. अखेर आलं तेव्हा मुनिरा चांगलीच फाटली आणि रक्त थांबेना. मोठ्या मॅडम टाके घालत होत्या, पूनम पोट दाबून धरत होती, मुनिराचे ओठ पांढरे पडत चालले होते. मुलगी झाली होती. रडली, हातपाय हलवले, सगळं ठीक. पण तिच्याकडं बघायला त्या घटकेला कुणाला वेळ नव्हता.

पूनमनं दार उघडलं. “पेशंटचं माणूस कोण हाय?”

झेहराबाई उठली. मुस्तफा उजनीहून निघाला होता, पोचायचा होता. रक्त लागणार म्हटल्यावर त्या मऊ आवाजाच्या बाईनं काय धावपळ केली! चार ठिकाणी फोन लावले, दुकानातल्या नोकराला, धुळाप्पाला, रक्तपेढीत पिटाळलं, शेजारच्या गल्लीतली दोन तरुण पोरं रक्त द्यायला उभी केली. मग बाकड्यावर बसून जपमाळ ओढत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं भान तिला नव्हतं. संध्याकाळी रक्त थांबलं, मुनिराला झोप लागली, तेव्हा झेहराबाई पूनमच्या हातांचे मुके घ्यायला लागली.

“तुमी माझी बहू वाचवली. माझी बेटीच आहे ती.”

आणि इथंच पूनमचं चुकलं. तिला वाटलं, सासू आता लोण्यासारखी मऊ झालीय. आजवर असंच व्हायचं. जिवावरचं टळलं की सासवा ऐकायच्या, आणि नेमक्या त्याच घडीला पूनम आपलं म्हणणं पुढं सरकवायची. हा तिचा हातखंडा होता. आरोही मॅडमनी काय सांगितलं होतं ते तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मॅडम पुण्याच्या, त्यांना सासवा काय माहीत? कागदावरचं वेगळं आणि बाकड्यावरचं वेगळं. सुनेनं चोरून सांगलीला पळून जायचं, त्यापेक्षा सासूच वळली तर सगळाच प्रश्न मिटला.

तिनं झेहराबाईला औषधांच्या खोलीत नेलं. दार लावलं.

“आजी, एक सांगते, राग मानू नका. तुमच्यात पोरींचं ते करत्यात न्हवं, त्येच्यामुळंच ही अशी फाटली.”

हे खोटं होतं. मोठ्या मॅडमनी टाके घालतानाच म्हटलं होतं की बाळ मोठं होतं, दुसरं काही नाही. पण चांगल्या कामासाठी थोडं खोटं बोलायची पूनमला सवय होती, आणि आजवर ते पचलं होतं.

झेहराबाईच्या हातातली जपमाळ थांबली. “तुमाला कोणी सांगितलं?”

“आमी बाळंतपनं करतो आजी, आमाला दिसतंय की. त्या लेकराला नका करू. तुमची सून बी नकोच म्हनती. लई घाबरलीय ती. एवडी घाबरलीय की पोरीला सांगलीला न्यून ठेवायचं म्हनत हुती. आसं घर मोडन्यापरीस तुमीच म्हना की, न्हाई करायचं. तुमी म्हनलात की झालं.”

झेहराबाई पूनमकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मग ती म्हणाली, “सांगलीला?”

“व्हय. शाळा बी बगितलीया म्हनं.”

“बरं झालं सांगितलं, सिस्टर,” झेहराबाई म्हणाली आणि पूनमच्या गालावरून हात फिरवला. “लई बरं झालं. मुनिराला सांगू नका मला बोलल्याचं. उगीच तिला टेन्शन. मी पण तुमचं नाव घेणार नाही.”

पूनम हवेत तरंगतच बाहेर आली. शेजारच्या गाड्यावर तिनं चहा घेतला, वर भजीही खाल्ली. मनाशी म्हणाली, पूनम, तू आज एक पोरगी वाचवलीस. देवाशप्पथ तिला तसं वाटलं होतं, आणि त्या संध्याकाळी सोलापुरात तिच्याइतकं सुखी माणूस दुसरं नसेल.

दुसऱ्या दिवशी इन्सिया बहिणीला बघायला आली आणि तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. बाळाच्या मुठीत आपलं बोट अडकवून ती सगळ्यांना दाखवत फिरली. त्याच्या पुढच्या दिवशी ती आली नाही. झेहराबाई म्हणाली, शाळेत चित्रांची स्पर्धा आहे. मुनिरा म्हणाली, “अरे, मला बोलली नाही,” आणि बाळाला पाजायला घेतलं. तिच्या अंगात अजून उठायची ताकद नव्हती.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी इन्सिया आली. आजीचं बोट धरून, नवा निळा फ्रॉक घालून, हातात मोठं चॉकलेट. पूनम मुनिराचं ब्लडप्रेशर बघत होती. तिनं दाराकडं पाहिलं आणि तिच्या हातातला रबरी फुगा तसाच राहिला. पोरगी चालत होती, पण पाय जवळ जवळ ठेवून, फरशी ओली असल्यासारखी.

“ये, वर ये,” मुनिरा म्हणाली. “इथं बस माझ्याजवळ.”

“नको.”

“का गं? बाळ बघ, डोळे उघडलेत.”

“मी उभीच बरी आहे.”

सात वर्षांची पोरगी, पलंगावर चढायला नको म्हणते. मुनिरानं तिच्याकडं बघितलं. चॉकलेटकडं बघितलं, ते फोडलेलंही नव्हतं. मग सासूकडं बघितलं. झेहराबाई खिडकीतून बाहेर बघत होती.

मुनिरा ओरडली नाही. ओरडली असती तर पूनमला सोपं गेलं असतं. बाळाला तिनं उशीशेजारी ठेवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “मम्मी, केलंत?”

“हो गया,” झेहराबाई म्हणाली. “छान झालं. साफ हातानं झालं. दोन दिवसांत पळायला लागेल.”

“मी इथं पडलेली असताना?”

“तू असतीस तर होऊ दिलं असतंस?” झेहराबाई वळली. तिचेही डोळे भरलेले होते, हे पूनमला दिसलं. “माझं झालं, माझ्या आईचं झालं, तुझं झालं. मी काय दुश्मन आहे तिची? उद्या तिला कोण आपली म्हणेल? सांगलीला नेणार होतीस. आमच्यापासून तोडणार होतीस.”

“सांगलीचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

झेहराबाईनं पूनमकडं चुकूनही बघितलं नाही, तिचं नावही घेतलं नाही. दिलेला शब्द पाळणारी बाई होती ती, हेही मान्य करायलाच हवं.

इन्सिया मधे उभी राहून दोघींची तोंडं बघत होती. ती म्हणाली, “मम्मा, मी रडले नाही जास्त. दादीनं हात धरला होता.”

तेव्हा मुनिरा रडली. टाक्यांमुळं तिला नीट रडताही येईना.

मग तिनं एक केलं. लेकीला तिनं घरी जाऊ दिलं नाही. पलंग अरुंद होता, तरी इन्सियाला कुशीवर निजवून घेतलं, पलीकडं बाळाला. मोठ्या मॅडम येऊन पोरीला बघून गेल्या. मलम दिलं, गोळी दिली, जखम भरेल म्हणाल्या. “खरं तर हे पोलिसांना कळवायला लागतं,” असं दाराकडं बघत पुटपुटल्या आणि पुढच्या पेशंटकडं गेल्या. झेहराबाई संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसली आणि मग एकटीच घरी गेली. मुस्तफा येऊन उभा राहिला. “आई म्हणाली, पोरीला जरा लागलंय,” असं म्हणाला, बायकोचा चेहरा बघितला आणि पुढं काही विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम वॉर्डात गेली तेव्हा मुनिरा फोनवर बोलत होती. आवाज बसलेला होता.

“तूच सांगितलंस, वहिनी. तुझ्याशिवाय आणि भाईशिवाय कुणाला माहीत होतं? शाळेचंसुद्धा माहीत होतं त्यांना. शाळा तूच बघितली होतीस ना? नको, शपथ घालू नकोस. येऊ नको. तुमच्यापैकी कुणीच येऊ नका. मला तुमच्या घरी यायचं नाही आता. कधीच नाही.”

पूनमनं हातातला ट्रे खाली ठेवला. शाळेचं तिनंच सांगितलं होतं. भजी खाण्याआधी, दार लावून, अभिमानानं.

मुनिरानं फोन ठेवला. पूनमकडं बघून ती म्हणाली, “घरचंच माणूस निघालं, सिस्टर. तुम्ही परक्या असून पोटात ठेवलंत.”

त्या वेळी पूनम बोलली नाही. हे तिच्या बाजूनं कितीही सांगितलं तरी उरतंच. ती वळली आणि औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिथंच झेहराबाई आली. तिनं मिठाईचा मोठा डबा पूनमच्या हातात ठेवला. “घ्या. नातीच्या जन्माची,” म्हणाली, आणि मग दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाली, “तुमी वेळेवर सांगितलं म्हणून झालं. नाहीतर पोरगी हातची गेली असती. छोटीचं मी अगोदरच करून घेणार, सात वर्षं थांबणारच नाही.”

पूनमनं डबा टेबलावर ठेवला. छोटीचं. जिला तिनं चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हातांनी झेललं, नाळ कापली, पुसून घेतलं, ती छोटी. आणि सांगलीचं दार मुनिरानं आताच, स्वतःच्या हातानं, पूनमच्या चुकीपायी लावून टाकलं होतं.

तिनं आरोही मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, खोटं बोलली होती तेसुद्धा.

“मी तुम्हाला एकच सांगितलं होतं, पूनमताई.”

“व्हय मॅडम.”

“मी निघते लगेच. मुलीचं जे झालंय ते पोलिसांना कळवावंच लागेल, ते मी मुनिराशीच बोलते. आणि तुमच्याशीही बोलायचंय, पण ते नंतर. मी येईपर्यंत थांबू नका. तिला सांगा. तुम्ही स्वतः सांगा, आत्ता.”

“ती माजं तोंड बी बगनार न्हाई.”

“नाही बघणार,” मॅडम म्हणाल्या. “तरी सांगा.”

वॉर्डात जायला दहा पावलंही नव्हती, पण पूनमला ते अंतर सरता सरेना. मुनिरा एका हातानं बाळाला पाजत होती, दुसरा इन्सियाच्या डोक्यावर. पोरगी झोपली होती, झोपेतही गुडघे पोटाशी घेऊन. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. पूनम पायथ्याशी उभी राहिली.

“ताई, वहिनीनं न्हाई सांगितलं. मी सांगितलं.”

मुनिराला आधी कळलंच नाही.

“तुमच्या सासूला. तुमी झोपला हुता तवा. मला वाटलं त्या ऐकतील. मला वाटलं सासूला समजावलं की…” पूनमनं पलंगाचा गज धरला. “शाळेचं बी मीच बोलले.”

मुनिराचा हात लेकीच्या डोक्यावरून हलला नाही. ती पूनमकडं बघत राहिली, जशी त्या दिवशी पंख्याकडं बघत होती.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “त्यांना नाही. तुम्हाला.”

“व्हय.”

“माझ्या अंगाचं. जे मी मुस्तफालासुद्धा सांगितलं नाही कधी. आईला विचारलं नाही. ते तुम्हाला सांगितलं.”

“व्हय, ताई.”

“मग त्यांना का विचारलंत? माझ्या मुलीचं मला का नाही विचारलंत?”

आयुष्यभर तिनं दार उघडून बाहेरच्यांनाच विचारलं होतं. आत कुणी आहे, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाळ पिता पिता झोपलं. सवयीनं पूनम पुढं झाली, त्याला ढेकर काढायला घ्यावं म्हणून हात पुढं केला.

“हात लावू नका,” मुनिरा म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिनं. “माझ्या एकाही मुलीला हात लावू नका.”

पूनमनं हात मागं घेतले. ते कुठं ठेवावेत हेच तिला कळेना. मग तिनं खालच्या मानेनं झेहराबाई छोटीबद्दल काय म्हणाली तेही सांगितलं. ते ऐकल्यावर मुनिरानं उशीखालचा फोन काढला, नंबर लावला आणि पूनमपुढं धरला.

“वहिनीला सांगा. तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तिला आता खरं वाटणार नाही.”

पूनमनं फोन कानाला लावला. पलीकडून एका बाईचा रडवेला आवाज आला, “मुनिरा? बोल ना गं. मुनिरा?”

“ताई, मुनिराताई न्हाईत. मी दवाखान्यातनं बोलतीया. तुमी काय बी सांगितलेलं न्हाई, त्यांना आता कळलंय. तुमी निघा. गाडी घिऊन या. दोघी पोरींना आनि त्यांना न्यायला या, आजच या.”

त्या बाईनं घाबरून विचारलं, “पण तुम्ही कोण बोलताय? तुम्ही मुनिराच्या कोण?”

पूनमनं खाटेकडं बघितलं. मुनिरानं तोंड भिंतीकडं वळवलं होतं.

“कुनी न्हाई, ताई,” पूनम म्हणाली. “मी कुनी न्हाई तिची. तुमी या.”